बासवाल्याचं साहित्य

"काका, यंदाच्या अंकासाठी साहित्यावर काहीतरी लिहून द्या," असा निरोप वाङ्मय मंडळाकडून आला तेव्हा मी आधी घाबरलोच. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवली. माझं साहित्य म्हणजे एक गिटार, एक अँप्लिफायर, दोन केबल, चिकटपट्टी आणि विजेचा टेस्टर. तसं कळवलं, तर मंडळाच्या सचिव मुलीचं उत्तर आलं, "चालेल. त्याच साहित्यावर लिहा, फक्त मुलांना काही शिकता येईल असं लिहा."

निमित्तही लगेच मिळालं. मी राहतो जैनाबादला, म्हणजे बुऱ्हाणपूरहून तापी ओलांडली की पलीकडच्या काठावर. आमच्या गल्लीतला एक मुलगा तुमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आणि ओट्यावर बसून विचारायला लागला, "काका, यंदा केळीला भाव बरा लागला. पप्पा साठ हजार द्यायला तयार आहेत. कोणती बास घेऊ?" त्याच्या मोबाइलमध्ये निळ्याशार, पाच तारांच्या एका गिटारचा फोटो होता. किंमत बरोब्बर साठ हजार.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. केळीचा पैसा कसा येतो ते मला ठाऊक आहे. एका वादळात उभी बाग आडवी होते. म्हणून नीट विचार करून हा धडा लिहिला आहे, त्याच्यासाठी आणि बँड काढायची हौस असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

१. बास आपल्याला नवा नाही

बास गिटार अमेरिकेतून आली हे खरं. आधी हे काम माणसाहून उंच अशा डबल बासवर व्हायचं. ते धूड गाडीत मावत नसे आणि बँडच्या गोंगाटात ऐकूही येत नसे. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. दांडीवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवल्यामुळे बोट नेमक्या सुरावर पडायला लागलं, म्हणून नाव 'प्रिसिजन', अचूक. तिच्या तारेची लांबी ३४ इंच होती. आजही बहुतेक बास गिटारी त्याच मापाच्या असतात.

पण खालचा सूर आपल्याला नवा नाही. भजनातला मृदंग बघा. उजव्या तोंडाला शाई असते. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवायच्या आधी ओली कणीक लावतात. कणकेच्या वजनाने कातडं सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. बासची तार जाड असते तीही याच कारणाने. आतल्या तारेवर दुसरी तार गुंडाळून तिचं वजन वाढवलेलं असतं. वजन वाढलं की कंप कमी, कंप कमी झाले की सूर खाली.

बासच्या चार मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. सेकंदाला अंदाजे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत लागतील.

२. तीन वर्षं कुणालाच ऐकू न आलेला वादक

मी दिवसा बुऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर कामाला होतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. पहिली बास जुनी घेतली होती, दांडी थोडी वाकलेली. आमच्याकडे तेव्हा गावोगाव भोंगे असायचे. गायकाचा माइक, कीबोर्ड, माझी बास, सगळं त्याच भोंग्यातून. मी तीन वर्षं मोठ्या ऐटीत वाजवत होतो. लोक टाळ्या वाजवायचे, मला वाटायचं त्यातल्या काही माझ्या आहेत.

१९८८ च्या ४ ऑगस्टला खंडव्यात कार्यक्रम होता. ४ ऑगस्ट म्हणजे किशोरकुमारांचा वाढदिवस, खंडवा त्यांचं जन्मगाव, आणि त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. गर्दी मोठी. साउंडवाल्याने माझ्यासाठी १५ इंची स्पीकरचा कॅबिनेट लावला. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला मला माझी बास ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि जीव गेला हो! काय घाण वाजवत होतो मी!

झालं असं होतं की भोंग्यातून साधारण ३०० कंपनांच्या खालचं फारसं काही बाहेरच येत नाही. माझ्या चारही मोकळ्या तारा शंभराच्या आत. म्हणजे तीन वर्षं लोकांना माझ्या बोटांची कटकट तेवढी ऐकू जात होती, सूर नव्हे. मलाही नाही. चुका दिसल्याच नाहीत, म्हणून सुधारल्याच नाहीत.

सगळ्यात मोठी चूक कोणती, तर माझा सूर थांबतच नव्हता. एक तार छेडली की ती गुणगुणत राही, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. सगळा चिखल. सूर कधी सुरू करायचा ते मी शिकलो होतो, कधी संपवायचा ते शिकलोच नव्हतो. त्यानंतर सहा महिने मी फक्त तार दाबून गप्प करायचा सराव केला. डाव्या हाताची बोटं किंचित सैल सोडायची, उजव्या हाताचा अंगठा वापरात नसलेल्या तारेवर ठेवायचा. निबंध लिहिताना पूर्णविराम न देणाऱ्याला गुरुजी जे सांगतात, तेच.

त्या रात्री जे कळलं ते असं : चांगलं साहित्य तुम्हाला चांगला वादक करत नाही, तुम्ही कसे वादक आहात ते ऐकवतं. म्हणून पैसे खर्च करायचे तर आधी स्वतःला नीट ऐकू येण्यावर करा, दिसण्यावर नंतर.

दोन गोष्टी जाता जाता. बास कधीही साध्या गिटारच्या छोट्या अँपला लावून मोठ्याने वाजवू नका. त्याचा स्पीकर एवढा पडदा हलवायला बनवलेलाच नसतो, फाटतो. दुसरं, आवाज दुप्पट मोठा वाटायला अँपची ताकद दुप्पट करून भागत नाही, ती साधारण दहापट लागते. त्यामुळे "तुझा पन्नास वॉटचा, माझा शंभरचा" या भांडणात काही अर्थ नाही. अँप जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवून बघा, फुकटात बास वाढतो. छोट्या खोलीत तोच बास घुमायला लागला तर कोपऱ्यातून ओढून बाहेर आणा.

३. पट्टी आधी, फॅशन नंतर

आपल्याकडे गायक "सी शार्प" म्हणत नाही, "काळी एक" म्हणतो. म्हणून बासच्या तारा पट्टीच्या भाषेत पाठ करा : ई म्हणजे पांढरी तीन, ए पांढरी सहा, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच.

आता गंमत बघा. गायकाने पांढरी दोन मागितली आणि गाणं शुद्ध स्वरांचं असेल, तर चारही मोकळ्या तारा तुमच्या मदतीला येतात. डी होते सा, ई रे, जी म, ए प. पण त्याच गायकाचा घसा बसला आणि तो अर्धा सूर खाली, काळी एकमध्ये उतरला, तर शुद्ध स्वरांच्या गाण्यात चारांपैकी एकही मोकळी तार चालत नाही. सा, रे, ग, म, प, ध, नी यांपैकी कशावरच ती बसत नाही. पाच मिनिटांपूर्वी सोपं असलेलं गाणं सगळंच बोटांनी दाबून वाजवावं लागतं. ऑर्केस्ट्रात असं दर कार्यक्रमाला होतं, कारण घसे दर रात्री वेगळे असतात. म्हणून प्रत्येक गाणं निदान तीन पट्ट्यांत बसवून ठेवा, आणि मोकळ्या तारेवर विसंबून राहू नका.

नोटेशन वाचायलाही शिका, स्टाफ असो की भातखंडे. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे एवढे वादक का होते, याचं एक मोठं कारण म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. सकाळी हातात कागद पडला की दुपारी गाणं ध्वनिमुद्रित.

४. बँडमध्ये तुमची जागा कुठे

बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमाराचं, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळातलं काम. सातपुड्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहराकडे आणलं. वर फक्त रांगेने कुंड्यांची तोंडं दिसतात, पाणी दिसत नाही. पण शहर त्यावर जगलं. बँडमध्ये बासचं काम असं आहे. लोक गायकाकडे बघतात आणि पाय मात्र आपल्या तालावर हलवतात.

मग करायचं काय?

पहिलं, ढोलकवाल्याच्या डाव्या हाताशी मैत्री करा. केरव्याच्या आठ मात्रांत पहिली मात्रा तुमची, तिथे सा ठेवा. पाचवीवर प ठेवलात तरी अर्धी गाणी निभतात. ड्रम असेल तर पायाच्या ड्रमकडे कान द्या. तुमचा सूर आणि त्याचा ठोका असे एकत्र पडले पाहिजेत की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं आहेत हे कळू नये.

दुसरं, कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांगा, "भाऊ, डावा हात जरा आवर." त्याचा डावा हात आणि तुमची बास एकाच जागेत घुसले की गाणं जड होतं. हे तालमीत सांगायचं, स्टेजवर नाही.

तिसरं, गाणं सुरू असताना रिकामी जागा दिसली की ती भरायची खाज सुटते. सोडून द्या. मला लूमने शिकवलं ते हे. शेजारशेजारच्या दोन लूम कधीच अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. खटाखट करत एकमेकींपासून लांब जातात, मग हळूहळू एका ठोक्यावर येतात, पुन्हा लांब. बारा तास ते ऐकून मला कळलं की ताल म्हणजे स्वतःचा वेग पकडून ठेवणं एवढंच नाही, दुसरा कुठे चाललाय ते ऐकणंही आहे.

नावाची फार आशा धरू नका. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांनी वर्षानुवर्षं बास गिटार वाजवली. ती गाणी घराघरांत पाठ आहेत, टोनी वाझ हे नाव किती जणांना माहीत आहे? आमचं जैनाबादसुद्धा इतिहासात येतं ते मुमताज महलमुळे, जिचं शव १६३१ मध्ये आग्र्याला नेईपर्यंत इथल्या बागेत होतं, आणि हिराबाई या गायिकेमुळे, जिच्यावर औरंगजेब भाळला आणि जी पुढे 'जैनाबादी' म्हणूनच ओळखली गेली. गाणाऱ्याचं नाव राहतं, साथ करणाऱ्याचं क्वचित. अर्थात दिवस बदलतायत. मुंबईची मोहिनी डे आज स्वतःच्या नावावर जगभर बास वाजवते, ए. आर. रहमान यांच्यासोबतही वाजवली आहे. मंडळातल्या मुलींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

५. माझी जागा मशीनने घेतली तेव्हा

नव्वदनंतर माझं काम कमी होत गेलं. आधी कीबोर्डच्या डाव्या हाताने, मग तयार ट्रॅकने. एका मालकाने सरळ सांगितलं, "तुमचे पैसे वाचतात, जीपमधली एक सीटही वाचते." राग आला, पण हिशेबाने तो चूक नव्हता.

पुढे मला एक गोष्ट वाचायला मिळाली. रोलँड या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'टीबी-३०३' नावाचं छोटं यंत्र काढलं. बासवाला नसेल तिथे बास वाजवायला. ते कुणाला पसंत पडलं नाही, कारण आवाज बास गिटारसारखा नव्हताच. १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. पण मुंबईत सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी फारशी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या नृत्यसंगीतवाल्यांनी तोंडात बोटं घातली. यंत्राला बासवाला होता आलं नाही, पण कान असलेल्या माणसाच्या हातात ते वेगळंच वाद्य झालं.

तेव्हापासून मी यंत्रांवर रागावत नाही. ट्रॅक चुकत नाही, थकत नाही, मानधन मागत नाही. फक्त तो ऐकत नाही. गायिका एखादी ओळ विसरली, दोन मात्रा उशिरा आली, तर ट्रॅक पुढे निघून जातो. बासवाला थांबतो. तुम्ही थांबणार नसाल, ऐकणार नसाल, तर तुमच्या जागी ट्रॅक लावलेला बरा, हे मी स्वतःलाही सांगत आलो.

६. तिसरी पिन

आता जे लिहितोय ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ च्या लग्नसराईत एका गावात कार्यक्रम होता. माझ्या अँपमधून सारखी हूं हूं अशी घरघर येत होती. संध्याकाळी मी काय केलं, प्लगची तिसरी जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, पक्कडीने तोडून टाकली. घरघर थांबली. मी खूश.

रात्री तारांना हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. मी दुर्लक्ष केलं, पायात रबरी चपला होत्या. चौथ्या गाण्यात आमच्या गायिका ताई माइक हातात घेऊन माझ्याजवळ आल्या आणि गाता गाता त्यांनी माझ्या घामेजल्या दंडावर हात ठेवला. मला फक्त एक धक्का आठवतो. त्या माइकला चिकटल्यासारख्या झाल्या आणि खाली पडल्या. ढोलकवाल्याने लाथ मारून बोर्डातला प्लग उडवला म्हणून वाचल्या. नंतर बऱ्या झाल्या, पण स्टेजवर पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या घरी दोन मुलं होती आणि त्या गाण्यावर घर चालत होतं.

कारण साधं होतं. अँपमध्ये बिघाड होता, त्यामुळे त्याच्या पत्र्यात वीज उतरत होती. तो पत्रा केबलमधून माझ्या तारांना जोडलेला. अर्थिंगची पिन शाबूत असती तर वीज जमिनीत गेली असती किंवा फ्यूज उडाला असता. मी ती वाट तोडली, म्हणून तिने माझ्यातून आणि ताईंमधून वाट काढली. १९७२ मध्ये 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, स्टेजवरच गेला.

म्हणून हे नियम पाठ करा :

अर्थिंगची पिन कधीही तोडायची नाही. घरघर येत असेल तर डीआय बॉक्स वापरा. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या केबलची जमीन तोडतं, विजेची नाही.

माइक, अँप, कीबोर्ड, सगळं एकाच ठिकाणच्या विजेवर जोडा. अर्धं जनरेटरवर आणि अर्धं मंडपवाल्याच्या तारेवर असं नको.

कार्यक्रमाआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावा. पेटला की वाजवायचं नाही, मग वरात दारात येवो. टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीकच, असंही नाही. बोर्डाला आरसीसीबी असेल तर उत्तम, गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो.

आणि झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. माझ्या बोटांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

कानांचंही असंच. माझ्या दोन्ही कानांत आता कायम शिट्टी वाजते, थोडी लूमची, थोडी स्टेजची देणगी. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबल आवाजात आठ तास ठीक, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. स्टेजवर झांजेजवळ तेवढा आवाज सहज असतो. कानात घालायचे प्लग मिळतात, लाजू नका.

७. साठ हजारांचा हिशेब

बाळा, आता तुझं उत्तर.

ती निळी पाच तारांची नको. चार तारांची साधी, दांडी सरळ असलेली घे, पंचवीस हजारांपर्यंत. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघ, कुठे खडखडते का ते ऐक. आपल्याकडच्या मे महिन्यात दांडी वाकते. आतला ट्रस रॉड पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नकोस, फिरवून एक दिवस थांब. तारांचा फार लाड नको. अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलतच नसत, आणि बहुतेक वेळा एकाच बोटाने वाजवत.

पंधरा हजारांत घरी सरावाला बाससाठीचाच छोटा अँप. स्टेजवरचा मोठा कॅबिनेट विकत घेऊ नकोस, तो साउंडवाल्याकडे असतो. पाच हजारांत डीआय बॉक्स, दोन चांगल्या केबल, कानाचे प्लग आणि टेस्टर. पाच हजार शिकवणीला.

उरलेले दहा हजार पप्पांना परत दे. केळीला दर वर्षी भाव लागत नाही.

आणि सगळ्यांसाठी गृहपाठ. आज रात्री तुमच्या आवडीचं एक गाणं लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून बास येत नाही, हेडफोन लावा. पहिल्यांदा गायकाला ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास ऐका, आणि तो कुठे गप्प बसतो तेवढंच वहीत लिहा. दहा दिवसांत दहा गाणी. मग वही घेऊन सुट्टीत जैनाबादला या. ओट्यावर चहा पिता पिता तपासून देईन. फक्त जरा मोठ्याने बोला, शिट्टीमुळे मला कमी ऐकू येतं.